हाडात ‘लायटिक लीजन’ निघालंय? बायॉप्सीच्या आधी कॅल्शियम आणि पीटीएच करून घ्या

एक्स-रे किंवा एमआरआयच्या रिपोर्टवर ‘मल्टिपल लायटिक लीजन्स’ (हाडात अनेक ठिकाणी पोकळ झालेल्या जागा) असं लिहून आलं की घरातलं वातावरणच बदलतं. खाली बहुतेक वेळा ‘मेटास्टॅसिस किंवा मायलोमाची शक्यता तपासावी’ (म्हणजे दुसरीकडून हाडात पसरलेला कॅन्सर किंवा हाडाच्या मगजातला कॅन्सर) अशा अर्थाची एक ओळ असते, ती कोणीतरी मोबाइलवर शोधतं आणि मग कोणालाच काही सुचत नाही. माझ्या आईच्या नडगीत, एका बरगडीत आणि खालच्या जबड्यात अशा पोकळ जागा निघाल्या होत्या. निदान झालं ते मानेतल्या एका पॅराथायरॉइड ग्रंथीचं, आणि ते हाडाच्या तुकड्यावरून नाही तर रक्तावरून झालं. मी डॉक्टर नाहीये, पण आईबरोबर पुण्यात या सगळ्या ओपीडींमध्ये बसलेली मुलगी आहे, आणि कुठल्या क्रमाने काय करायचं हे आम्हाला आधी कोणी नीट सांगितलं असतं तर खूप त्रास वाचला असता, म्हणून हे सविस्तर लिहितेय. औषधं आणि ऑपरेशनचे निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचे.

आधी थोडक्यात, हे होतं काय

थायरॉइडच्या मागे साधारणपणे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, एकेकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास. थायरॉइडच्या कामाशी यांचा संबंध नाही, त्यामुळे तुमचा टीएसएच नॉर्मल असला तरी यांच्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की या ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात, ते हाडातून कॅल्शियम बाहेर काढतं, किडनीला कॅल्शियम धरून ठेवायला आणि फॉस्फरस सोडून द्यायला लावतं, आणि व्हिटॅमिन डी ॲक्टिव्ह करून आतड्यातलं शोषण वाढवतं. कॅल्शियम पुरेसं झालं की पीटीएच कमी व्हायला हवं. पण एखाद्या ग्रंथीत गाठ झाली, बहुतेक वेळा ती साधी गाठ असते, अडिनोमा, कॅन्सर क्वचितच, तर ती ग्रंथी थांबतच नाही आणि वर्षानुवर्षं हाडातून कॅल्शियम उपसत राहते.

यात हाड खाणाऱ्या पेशी एखाद्या जागी खूप वाढल्या की तिथे पोकळी होते, आत बारीक रक्तस्राव होत राहतात, रक्तातलं लोह साचून तो भाग तपकिरी दिसतो, त्याला डॉक्टर ब्राउन ट्यूमर म्हणतात. हा कॅन्सर नाही, तो शरीरात पसरत नाही, आणि मूळ ग्रंथी काढली की बहुतेक वेळा हाड हळूहळू आपोआप भरून येतं. म्हणूनच निदान बरोबर होणं इतकं महत्त्वाचं आहे, कारण नाहीतर ज्या हाडाला हातही लावायची गरज नव्हती त्याचं मोठं ऑपरेशन होऊ शकतं.

परदेशात हा आजार बहुतेक वेळा रुटीन रक्ततपासणीत कॅल्शियम वाढलेलं दिसलं म्हणून सापडतो, पेशंटला काही त्रासही नसतो. आपल्याकडे अजूनही बरेच पेशंट हाडं ठणकायला लागल्यावर, फ्रॅक्चर झाल्यावर किंवा मूतखडे परत परत झाल्यावरच कळतात, आणि त्यात व्हिटॅमिन डी ची कमतरता असली की हाडांचं नुकसान अजून वाढतं.

१. जुने कागद आणि लक्षणं एका वहीत उतरवा

हे काम घरी बसून होतं आणि फुकट आहे, म्हणून सगळ्यात आधी. गेल्या पाच-सात वर्षांतले सगळे रिपोर्ट बाहेर काढा. कधीतरी हेल्थ चेकअप केलेला असतो, त्यात कॅल्शियमचा आकडा असतो, आणि तो जरासा वर असूनही कोणी लक्ष दिलेलं नसतं. कॅल्शियम तीन वर्षांपासून वर आहे हे कळणं डॉक्टरांना खूप उपयोगी पडतं.

लक्षणं लिहिताना फक्त हाडांची लिहू नका. मूतखडा झालाय का, तहान आणि लघवी वाढलीय का, रात्री किती वेळा उठावं लागतं, बद्धकोष्ठ, मळमळ, पोटात वरच्या बाजूला दुखणं, स्वादुपिंडाला सूज येऊन कधी ॲडमिट झालात का, थकवा, उदास वाटणं, विसरायला होणं. आणि एक खास गोष्ट, जमिनीवरून किंवा खुर्चीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो का. मांड्यांमधली ताकद कमी होणं हे यात बरंच दिसतं आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. आमची आई जेवायला पाटावर बसणं बंद करून टेबलाशी बसायला लागली होती आणि आम्हाला ते साधं गुडघेदुखीचं वाटत होतं.

औषधांची यादी पण पूर्ण करा, विशेषतः ही:

- बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे का (बऱ्याच कॉम्बिनेशन गोळ्यांत असतं, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात बघा)
- लिथियम चालू आहे का
- व्हिटॅमिन डी ची ६०,००० युनिटची पावडर किंवा गोळी किती वेळा घेतलीय, इंजेक्शन घेतलंय का
- कॅल्शियमच्या गोळ्या
- केस-नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या

पहिली दोन कॅल्शियम वाढवू शकतात, व्हिटॅमिन डी जास्त झालं तरी कॅल्शियम वाढतं, आणि बायोटिनमुळे काही मशीनवर पीटीएचचा आकडाच चुकीचा येतो. मनाने काही बंद करू नका, फक्त यादी दाखवा.

२. रक्ताच्या टेस्ट, सगळ्या एकाच सॅम्पलला

हाडात पोकळी दिसली आणि कारण स्पष्ट नाही, तर बायॉप्सीची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘डॉक्टर, कॅल्शियम आणि पीटीएच करून बघूया का?’ शांतपणे विचारलं तर कोणी रागवत नाही. या टेस्ट लागतात:

- सीरम कॅल्शियम आणि त्याच्याबरोबर अल्ब्युमिन
- फॉस्फरस
- अल्कलाइन फॉस्फटेज
- क्रिएटिनिन
- इंटॅक्ट पीटीएच
- २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी
- वय ५० च्या पुढे असेल किंवा पोकळ जागा एकाहून जास्त असतील तर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन, म्हणजे मायलोमाचा प्रश्न पण त्याच वेळी सुटतो

पहिल्या चार टेस्ट स्वस्त आहेत आणि गल्लीतल्या लॅबमध्ये पण होतात. पीटीएच त्यामानाने महाग, पण एमआरआय आणि पेट स्कॅनच्या खर्चापुढे काहीच नाही. आमच्याकडे उलटं चाललं होतं, पेट स्कॅनचं बोलणं झालं होतं आणि कॅल्शियम कोणी बघितलंच नव्हतं.

सॅम्पलच्या बाबतीत जरा आग्रही राहा. सकाळी उपाशीपोटी द्या. दंडाला रबर फार वेळ घट्ट बांधून ठेवलं आणि मूठ उघड-बंद करायला लावली तर कॅल्शियम खोटं वाढलेलं येऊ शकतं, तेव्हा टेक्निशियनला प्रेमाने सांगा की शीर सापडली की रबर सोडा. पीटीएच हे नाजूक हार्मोन आहे, सॅम्पल गरम जागी पडून राहिलं तर आकडा कमी येतो. पेठेतल्या किंवा कोथरूडच्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिलं तरी टेस्ट बऱ्याचदा मेन लॅबमध्ये होते, मधल्या वेळात ट्यूब कुठे असते, थंड ठेवतात का, गाडी कधी येते हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जमलं तर एप्रिल-मेच्या उन्हात होम कलेक्शन टाळा आणि जिथे टेस्ट होते तिथेच जाऊन रक्त द्या. कॅल्शियम आणि पीटीएच एकाच वेळच्या रक्तातलं हवं, सोमवारचं कॅल्शियम आणि पुढच्या आठवड्यातलं पीटीएच जोडून अर्थ लावणं अवघड होतं. बायोटिन चालू असेल तर किती दिवस आधी थांबवायचं ते लॅबला किंवा डॉक्टरांना विचारून घ्या.

३. आकडे कसे वाचायचे

निदानाचा सगळा जीव इथे आहे, त्यामुळे हा भाग घाई न करता वाचा.

कॅल्शियमची नॉर्मल रेंज बहुतेक लॅबमध्ये साधारण ८.५ ते १०.५ च्या आसपास असते. पण रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रोटीनला, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं, त्यामुळे पेशंट अशक्त असेल, अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियम खोटं नॉर्मल दिसतं. त्यासाठी हिशोब आहे: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा, आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. समजा कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन ३.० आहे, तर ४ वजा ३ म्हणजे १, गुणिले ०.८, म्हणजे खरं कॅल्शियम ११.० धरायचं. दिसायला नॉर्मल होतं, आहे जास्त. शंका उरलीच तर डॉक्टर आयोनाइज्ड, म्हणजे कशालाही न चिकटलेलं मोकळं, कॅल्शियम सांगतात, ते हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये केलेलं चांगलं कारण सॅम्पल हवेशी संपर्क न येऊ देता लगेच मशीनवर लावावं लागतं.

आता पीटीएच. बऱ्याच लॅबची रेंज १५ ते ६५ च्या आसपास असते. इथे एक फार मोठी गल्लत होते. कॅल्शियम ११.५ आणि पीटीएच ५८, लॅबने ५८ समोर काहीच खूण केलेली नाही, म्हणून घरचे आणि कधी कधी फॅमिली डॉक्टर पण म्हणतात पीटीएच नॉर्मल आहे. तसं नाहीये. कॅल्शियम एवढं वर असताना चांगल्या ग्रंथींनी पीटीएच अगदी खाली आणायला हवं, ते ५८ राहिलंय हाच बिघाड. म्हणजे पीटीएच एकटं कधीच वाचायचं नाही, कॅल्शियमशेजारी ठेवूनच वाचायचं. हाडात पोकळ्या होईपर्यंत आजार पुढे गेला असेल तर मात्र पीटीएच बहुतेक वेळा रेंजच्या कितीतरी पट वर असतं, शेकड्यांत, कधी हजाराच्या पुढे.

ढोबळमानाने असं:

- कॅल्शियम जास्त, फॉस्फरस कमी, पीटीएच जास्त, अल्कलाइन फॉस्फटेज जास्त: पॅराथायरॉइडचाच मूळ आजार, प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम
- कॅल्शियम जास्त पण पीटीएच अगदी कमी: मायलोमा, कॅन्सर पसरणं, व्हिटॅमिन डी चा ओव्हरडोस यांकडे बघावं लागतं
- कॅल्शियम कमी किंवा नॉर्मल, फॉस्फरस जास्त, क्रिएटिनिन जास्त, पीटीएच जास्त: किडनीच्या आजारामुळे ग्रंथी चेकाळलेल्या, डायलिसिसच्या पेशंटमध्ये हे दिसतं आणि त्यांनाही ब्राउन ट्यूमर होऊ शकतो
- कॅल्शियम कमी किंवा नॉर्मल, फॉस्फरस कमी, पीटीएच जास्त, व्हिटॅमिन डी खूप कमी: ऑस्टिओमलेशिया, म्हणजे डी च्या कमतरतेने मऊ पडलेली हाडं

यातली खरी अडचण म्हणजे शेवटची आणि पहिली ओळ एकमेकांत मिसळते. पॅराथायरॉइडची गाठ आहे आणि व्हिटॅमिन डी पण तळाला आहे, असं आपल्याकडे सर्रास असतं, आणि तेव्हा कॅल्शियम चक्क नॉर्मल येऊ शकतं. मग कोणीतरी म्हणतं डी कमी आहे म्हणून पीटीएच वाढलंय, पावडर घ्या, आणि विषय तिथे संपतो. नुसती डी ची कमतरता असेल तर ती भरल्यावर पीटीएच खाली यायला पाहिजे. ते आलं नाही आणि कॅल्शियम वर चढायला लागलं तर गाठच आहे असा संशय घट्ट होतो. म्हणून डी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी कॅल्शियम-पीटीएच परत करायलाच हवं, आणि हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण कॅल्शियम आधीच जास्त असताना मनाने ६०,००० च्या पावडरी घेतल्या तर ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

मायलोमाबद्दल अजून एक गोष्ट आमच्या डॉक्टरांनी समजावली होती, त्यात अल्कलाइन फॉस्फटेज बहुतेक वेळा नॉर्मल राहतं, आणि पॅराथायरॉइडच्या हाडाच्या आजारात ते चांगलंच वाढलेलं असतं. एकट्या या आकड्यावर काही ठरत नाही, पण दिशा कळते.

थांबायचं नाही अशी परिस्थिती: कॅल्शियम १४ च्या पुढे गेलं, किंवा १२ च्या पुढे असून उलट्या, खूप तहान, सारखी लघवी, गुंगी, असंबद्ध बोलणं असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा आणि पहिल्या वाक्यात कॅल्शियमचा आकडा सांगा. सलाइन लावून ते उतरवावं लागतं.

४. हातांचा एक्स-रे, आणि जुन्या फिल्म्स परत बघा

दोन्ही हातांच्या पंज्यांचा साधा एक्स-रे सांगितला तर ‘दुखतंय पायात आणि हाताचा फोटो कशाला’ असं वाटून घेऊ नका. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेराची, अंगठ्याकडची बाजू बघायची असते. एरवी तिथे हाडाची कड सुरीने कापल्यासारखी सरळ आणि पांढरी असते. या आजारात ती कड विरते, लेसच्या काठासारखी जाळीदार दिसते. आमच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बॉलपेनच्या टोकाने ती जागा दाखवली तेव्हा आम्हालाही लगेच दिसली, आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फिल्ममधला फरक पण कळला. असं झिजणं हायपरपॅराथायरॉइडिझममध्येच मुख्यतः दिसतं, त्यामुळे स्वस्तातली ही फिल्म फार मोठा पुरावा ठरते.

बाकी ठिकाणी काय बघतात:

- कवटीच्या एक्स-रेवर बारीक बारीक ठिपके, रिपोर्टमध्ये याला ‘सॉल्ट अँड पेपर’ लिहितात
- कॉलरबोनचं खांद्याकडचं टोक झिजलेलं
- दातांच्या ओपीजीवर (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) मुळांभोवतीची बारीक पांढरी रेघ, लॅमिना ड्युरा, पुसट किंवा गायब

या शेवटच्या गोष्टीवरूनच आमची गाडी रुळावर आली. आईच्या हिरडीची सूज दाखवायला गेलो होतो आणि दाताच्या डॉक्टरांनी ओपीजी बघून सांगितलं की एकाच दाताच्या नाही, सगळ्या दातांच्या मुळांची रेघ दिसत नाहीये, हे दाताचं दुखणं वाटत नाही, आधी कॅल्शियम करून या. तुमच्याकडे जबड्याची सूज आणि हाडदुखी दोन्ही असेल तर दाताचा फोटो हाडाच्या डॉक्टरांना आणि हाडाचे फोटो दाताच्या डॉक्टरांना नक्की दाखवा, एरवी दोघांना एकमेकांचं काही माहीत नसतं.

पेट स्कॅन आणि बोन स्कॅनबद्दल: ब्राउन ट्यूमर या दोन्हींवर चमकतात, अगदी पसरलेल्या कॅन्सरसारखे. म्हणून स्कॅनवर खूप ठिकाणी चमकलं एवढ्यावरून खचून जाऊ नका, रक्ताचे आकडे त्याच्या शेजारी ठेवून कोणीतरी बघितलं का ते आधी विचारा. रेडिओलॉजिस्टला कॅल्शियम-पीटीएचचे रिपोर्ट दिले तर त्यांचा रिपोर्ट पण जास्त नेमका येतो, फॉर्मवर ‘हाडदुखी’ एवढंच लिहून पाठवलं तर त्यांनी तरी काय करायचं.

डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) सांगितला असेल तर कमरेचा मणका आणि खुब्याबरोबर मनगटाजवळचा हात पण करायला सांगा, पॅराथायरॉइडमध्ये तिथलं हाड जास्त झिजतं आणि रुटीन पॅकेजमध्ये ते नसतं.

५. २४ तासांची लघवी

ही टेस्ट एका गोष्टीसाठी असते. एफएचएच नावाचा एक आनुवंशिक प्रकार आहे, त्यात कॅल्शियम वर असतं, पीटीएच पण थोडं वर असू शकतं, पण ग्रंथीचं ऑपरेशन करून उपयोग नसतो. त्यात लघवीतून कॅल्शियम फार कमी जातं. लघवी आणि रक्तातल्या कॅल्शियम-क्रिएटिनिनचं गुणोत्तर काढतात, ते ०.०१ च्या खाली असेल तर एफएचएचचा विचार करतात. हाडात मोठ्या पोकळ्या आणि पीटीएच शेकड्यांत असेल तर एफएचएच असण्याची शक्यता फारच कमी, पण डॉक्टरांनी सांगितलं तर करा. डी ची कमतरता असली तरी लघवीतलं कॅल्शियम कमी येतं, हे पण लक्षात असू द्या.

पद्धत: लॅबमधून मोठा कॅन आणा, आत ॲसिड टाकलेलं असेल तर हाताला लागू देऊ नका. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहा, समजा ६.३०. त्यानंतरची प्रत्येक, दुसऱ्या दिवशी सकाळी ६.३० ची धरून, कॅनमध्ये जायला हवी. एखादी राहिली तर लॅबला खरं सांगा आणि परत सुरू करा, अर्धवट कॅन दिला तर सगळा हिशोबच चुकतो. मगमध्ये घेऊन मग कॅनमध्ये ओतायचं, बाथरूमच्या दारावर कागद चिकटवून ठेवायचा म्हणजे झोपेत विसरायला होत नाही. रविवारी सुरू करून सोमवारी लॅबला द्यायचं ठरवलं तर नोकरीवाल्यांना बरं पडतं.

६. बायॉप्सी झाली असेल किंवा सांगितली असेल तर

ब्राउन ट्यूमरचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितला तर जायंट सेल्स दिसतात. जायंट सेल ट्यूमर नावाच्या हाडाच्या वेगळ्या गाठीत पण जायंट सेल्स दिसतात, आणि जबड्यातल्या जायंट सेल ग्रॅन्युलोमात पण. नुसत्या स्लाइडवरून यांच्यात फरक करणं पॅथॉलॉजिस्टला खरंच अवघड जातं. त्यामुळे रिपोर्टवर ‘जायंट सेल लीजन’ असं आलं असेल आणि कॅल्शियम-पीटीएच झालेलं नसेल तर निदान पूर्ण झालेलं नाही असं समजा. हाड खरवडायच्या किंवा काढायच्या ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी या दोन टेस्ट करून घ्या. लीजन एकाहून जास्त असतील तर हे अजूनच गरजेचं, कारण खरा जायंट सेल ट्यूमर सहसा एकाच ठिकाणी असतो.

याचा अर्थ बायॉप्सी वाईट असा नाही. रक्ताचं चित्र जुळत नसेल, टीबीचा, मायलोमाचा किंवा कॅन्सरचा संशय असेल तर ती लागतेच आणि ती टाळू नये. क्रमाचा प्रश्न आहे, आधी रक्त, मग सुई.

७. गाठ कुठली ते शोधणं

निदान रक्तावर पक्कं झाल्यानंतरच हे स्कॅन येतात. ते सर्जनला कुठे जायचं हे सांगण्यासाठी असतात, आजार आहे की नाही हे ठरवण्यासाठी नाहीत. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून ‘पॅराथायरॉइड नाहीये’ असा निष्कर्ष काढून पेशंटला परत पाठवलं जातं, हे चूक आहे.

पहिली मानेची सोनोग्राफी, ज्यांना पॅराथायरॉइड बघायची सवय आहे अशांकडे. दुसरा सेस्टामिबी स्कॅन, यात टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचं इंजेक्शन देऊन लगेच थोड्या वेळाने आणि परत साधारण दोन तासांनी फोटो घेतात, सोबत स्पेक्ट-सीटी असेल तर जागा जास्त नेमकी कळते. दोन्ही एकाच बाजूला, एकाच जागी गाठ दाखवत असतील तर सर्जनचं काम सोपं होतं. नाही जुळले तर ४डी सीटी किंवा फ्लुओरोकोलीन पेट सांगतात. पाचातल्या चार पेशंटमध्ये किंवा त्याहून थोड्या जास्त जणांत एकच ग्रंथी बिघडलेली असते. थायरॉइडची साधी गाठ पण सेस्टामिबीवर दिसू शकते, आणि पॅराथायरॉइडच्या गाठीत सुई घालून तपासणं शक्यतो टाळतात, म्हणून कोणी मानेच्या गाठीची एफएनएसी (हीच सुईची तपासणी) सांगितली तर एंडोक्रिनोलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, विचारूनच करा.

सेस्टामिबी न्यूक्लियर मेडिसिन विभागात होतो, सगळ्या हॉस्पिटलमध्ये तो नसतो आणि काही ठिकाणी ठरावीक वारीच करतात, म्हणून आधी फोन. जवळजवळ अर्धा दिवस जातो, डबा बरोबर न्या, आणि घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांच्यापासून किती वेळ लांब राहायचं ते तिथेच विचारा.

१९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल या सर्जनने ट्रामवर काम करणाऱ्या आल्बर्ट नावाच्या पेशंटच्या मानेतली पॅराथायरॉइडची गाठ पहिल्यांदा काढली. त्याची हाडं अशीच खिळखिळी झालेली होती. तेव्हा समज असा होता की हाडाच्या आजारामुळे ग्रंथी मोठी होते, म्हणून आधी त्याला उलट बाहेरून पॅराथायरॉइड देऊन बघितलं होतं. गाठ काढल्यावर तो सुधारला, पुढे आजार परत उलटला, पण दोष ग्रंथीचा आहे हे तिथे दिसलं. आज शंभर वर्षांनी आपल्याकडे साधी रक्ताची टेस्ट आहे, तरी पेशंट वर्षभर हाडाच्या गोळ्या खात फिरतो याचं मला फार वाईट वाटतं.

८. पुण्यात कोणाकडे, कुठल्या क्रमाने

हाडाच्या डॉक्टरांपासून सुरुवात झाली तरी रक्ताचे आकडे असे आले की एंडोक्रिनोलॉजिस्टकडे जा, लोक ज्यांना डायबेटिस-थायरॉइडचे डॉक्टर म्हणतात ते. पुण्यात ते बरेच आहेत, पण वेटिंग असतं, तेव्हा फोनवर रिसेप्शनला ‘कॅल्शियम १२.४, हाडात लीजन’ असं नेमकं सांगा, नुसतं ‘दाखवायचंय’ म्हटलं तर पुढच्या महिन्याची तारीख मिळते. ऑपरेशनसाठी पॅराथायरॉइड नेहमी करणारा सर्जन बघा, किती वर्षं करताय, ऑपरेशनच्या वेळी पीटीएच मोजायची सोय आहे का, हे सरळ विचारा. पीटीएच रक्तात काही मिनिटंच टिकतं, त्यामुळे गाठ काढल्यावर १० मिनिटांत ते निम्म्याहून खाली आलं की बरोबर ग्रंथी निघाली असा अंदाज टेबलावरच येतो.

खर्च झेपणारा नसेल तर ससून या सरकारी हॉस्पिटलला सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधीच जा, आणि कुठलं ऑपरेशन, कुठल्या तपासण्या बसतात हे ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. आयसीयूची वेळ आली आणि मग कागद शोधत बसलो असं नको.

बरोबर न्यायच्या गोष्टी

- सगळ्या एक्स-रे फिल्म्स, नुसते रिपोर्ट नाहीत. एमआरआय-सीटीच्या सीडी (चालते का ते घरी तपासून)
- रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे, आणि एका कागदावर तक्ता: तारीख, कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, पीटीएच, डी
- बायॉप्सी झाली असेल तर रिपोर्ट, स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा), लॅबकडून मागून घ्या, अर्ज केला की देतात
- किडनीची सोनोग्राफी, खडा नसला तरी
- औषधांची यादी किंवा सरळ स्ट्रिपची पिशवी
- आधार, रेशन कार्ड, इन्शुरन्सचं कार्ड

निदान होईपर्यंत हाडं सांभाळा

हे शेवटी लिहितेय पण पहिल्या दिवसापासून लागू आहे. पोकळ झालेलं हाड थोड्याशा धक्क्याने मोडतं. दुखतंय म्हणून जोरात तेल रगडून मालिश करू नका, हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेऊ नका, पाठ मोडून देणाऱ्यांकडे तर अजिबात नाही. मांडीच्या किंवा खुब्याच्या हाडात लीजन असेल तर किती वजन टाकायचं हे ऑर्थोला विचारा आणि काठी किंवा वॉकर लगेच घ्या. स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून खड्ड्यांतून ओपीडीला जाऊ नका, रिक्षापेक्षा पण कार बरी. बाथरूममध्ये रबरी मॅट घाला. किडनी आणि हृदयाची मनाई नसेल तर पाणी भरपूर प्या.

ऑपरेशननंतर एक गोष्ट उलटी होते, इतकी वर्षं उपाशी राहिलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम भराभर ओढून घेतात आणि ते एकदम खाली येतं, याला हंग्री बोन म्हणतात. हाडाचा आजार जास्त असलेल्यांना याचा धोका जास्त असतो. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, हातापायात वांब आले तर रात्र असली तरी नर्सला सांगा, घरी असाल तर हॉस्पिटल गाठा. डिस्चार्जच्या वेळी कॅल्शियम कधी परत करायचं ती तारीख लिहूनच घ्या. पुढे हाड भरायला महिने लागतात, एक्स-रेवर ते हळूहळू पांढरं होत जातं.

आणि पेशंट चाळिशीच्या आतला असेल, जास्त ग्रंथी बिघडलेल्या असतील किंवा घरात अजून कोणाला मूतखडे, कॅल्शियम, जबड्याच्या गाठी असं काही असेल तर डॉक्टरांना जेनेटिक तपासणीबद्दल विचारा, आणि तोपर्यंत सख्ख्या भावंडांचं आणि मुलांचं साधं कॅल्शियम एकदा करून घ्या.